पाणी कमी पडलं नव्हतं



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३५.

आपल्या साध्या भाषेत अर्थ असा. आपला धर्म अपुरा, ओबडधोबड वाटला तरी दुसऱ्याच्या नीटनेटक्या धर्मापेक्षा तो भला. आपल्या धर्मात राहून मरण आलं तरी त्यात कल्याण आहे. दुसऱ्याचा धर्म मात्र भीती घेऊन येतो. अठराव्या अध्यायात, ४७व्या श्लोकात, भगवंत जवळपास हेच पुन्हा सांगतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, कारण ऐकणारा ती विसरणार हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं.

खरं सांगतो, हा श्लोक मी बरीच वर्षं टाळत आलोय. दोन कारणं. पहिलं, लोकांनी त्याचा वापर 'जन्माने जे मिळालं तेच कर, पायरी सोडू नको' असं दुसऱ्याला ऐकवायला केला. आणि दुसरं, त्यातला तो मरणाचा भाग. तो वाचताना मी नेहमी पटकन पुढच्या ओळीवर जायचो. आज दोन्हीकडे नीट बघू. निमित्त आहे आमच्या बीडच्या घरामागचं अंगण, तिथलं एक अक्रोडाचं झाड आणि एक सीताफळाचं.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही मित्र काश्मीरला गेलो होतो. तिथे अक्रोडाची झाडं पाहिली. प्रचंड घेर, दाट सावली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माणसं त्यावर चढतात, लांब काठ्यांनी फळं झोडपतात, मग हिरवी साल काढून अक्रोड धुऊन वाळवतात. त्या सालीने हात काळेकुट्ट होतात, कितीतरी दिवस डाग जात नाही. मी भारावून गेलो आणि एक कलम विकत घेतलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून बीडला आणलं, अंगणात लावलं आणि अण्णांना सांगितलं, "अण्णा, याच्याकडे लक्ष ठेवा. आपल्या गल्लीत कुणाकडे नाही असलं झाड."

अण्णांनी लक्ष ठेवलं, आणि कसं! बीडमध्ये पाण्याची किंमत काय असते ते तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. भाज्या धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं बादलीत साठवून अण्णा त्या अक्रोडाला घालायचे. आळं केलं, पाचट अंथरलं, वर जुनी साडी बांधून सावली केली.

पहिल्या वर्षी झाड छान फुटलं. मी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवले. दुसऱ्या वर्षी मात्र पालवी उशिरा आली, तीही एखाद्या फांदीवर. तिसऱ्या उन्हाळ्यात ४२ अंशांची लाट आली आणि झाड गेलं.

तेव्हा मी वाचून काढलं की झालं काय. अक्रोडाला थंडी लागते, आणि नुसती हुडहुडी भरण्यापुरती नाही. हिवाळ्यात ७ अंशांच्या खाली शेकडो तास, बऱ्याच जातींना ७०० किंवा त्याहून जास्त तास जावे लागतात. तेवढी थंडी सोसली की कळ्यांची झोप पुरी होते आणि वसंतात झाड एकदम जागं होतं. पहिल्या वर्षी फुटलं ते काश्मीरमधून येताना सोबत आणलेल्या थंडीवर. ती शिदोरी संपली. बीडमध्ये रात्री गारठा पडला तरी दुपारी ऊन तापतंच. झाड झोपलं नाही, म्हणून नीट जागंही झालं नाही.

त्याच काळात, भांडी घासायच्या दगडाजवळ एक सीताफळ उगवलं. कुणी लावलं नव्हतं. खाऊन टाकलेल्या बीपासून आलं असणार. त्याला कुणी सावली केली नाही. शेळ्यासुद्धा त्याच्या कडू पानांना तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसायचं, वळवाचा पाऊस झाला की पालवी आणि फुलं एकदमच. चौथ्या वर्षी फळं धरली. बीडचं सीताफळ ते! बालाघाटाच्या खडकाळ डोंगरांत, धारूरकडे, आपोआप येणारं. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्रही आहे.

मंडळी, इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. 'बघा, आपल्या मातीतलं ते आपलं, परकं ते परकं' असं म्हणून मी हे चिंतन संपवू शकलो असतो. पण ते खोटं ठरलं असतं. कारण सीताफळ मूळचं आपलं नाहीच! नाव सीतेचं असलं तरी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचं मूळ सांगतात ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. म्हणजे काश्मीरच्या अक्रोडापेक्षा कितीतरी लांबून, समुद्र ओलांडून आलेलं झाड. आणि आज बालाघाट त्याच्याशिवाय ओळखू येत नाही.

मग स्वधर्म म्हणजे जन्माचं ठिकाण, हे कसं धरायचं? आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत घ्या. जन्म नारायणपेठेचा, बिदरच्या मुलखातला. पण स्थिरावले अंबाजोगाईत, गीतेवर 'गीतार्णव' नावाचा अफाट ग्रंथ लिहिला, आणि समाधीही तिथेच. त्यांचा स्वधर्म त्यांना जन्मगावी बांधून ठेवणारा नव्हता.

मला जे उमगलं ते असं : आपण कुठून आलो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कुठल्या ऋतूला आपण आतून उत्तर देतो? सीताफळाला उन्हाळ्याची ताणही चालते आणि पहिल्या पावसाची हाकही ऐकू येते. अक्रोडाला ती हाक ऐकूच येत नाही. यात अक्रोड हलकं नाही आणि सीताफळ थोर नाही. आणि हा निवाडा बाहेरचा कुणी करू शकत नाही. म्हणून या श्लोकाच्या आधारे दुसऱ्याला 'तुझी जागा ही' असं सांगणारा माणूस श्लोकाच्या विरुद्ध वागतोय, असं मी मानतो. अर्जुनालाही भगवंतांनी सगळं सांगून झाल्यावर शेवटी नीट विचार कर आणि इच्छेला येईल तसं कर, असंच म्हटलंय.

आता दुसरं कारण. मरणाचं.

आई गेल्यावर मी अण्णांना पुण्याला घेऊन आलो. अकरावा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी, खाली बाग, जवळ हॉस्पिटल. त्यांना एकटं ठेवायचंच नाही, हा माझा निर्धार होता. सगळे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

पहिले काही महिने छान गेले. नंतर अण्णा बोलायचे कमी झाले. हरिपाठ सुरू होता, पण तोही मनातल्या मनात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दिवसभर बाल्कनीत बसून खाली बघायचे. मी डॉक्टरांना दाखवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी नवा टीव्ही आणला. चांगली खुर्ची आणली. एका रात्री मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, इथे काय कमी आहे तुम्हाला?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "अरे, पाणी त्या अक्रोडाला तरी कुठं कमी पडलं होतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी माझ्या प्रेमाने त्यांना सगळं दिलं होतं, फक्त त्यांचा ऋतू सोडून. माउलींनी याच श्लोकावर बोलताना एक दृष्टान्त दिलाय, की लोकांचे देखणे चुनेगच्ची वाडे पाहून आपली गवताची झोपडी मोडायची का? मी तर त्यांची झोपडी प्रेमाने मोडायला निघालो होतो.

आता कुणी म्हणेल, तू स्वतः बीड सोडून पुण्यात राहिलासच की. खरंय. आणि मी इथे रुजलोय. मी सीताफळ निघालो, अण्णा अक्रोड निघाले. एकाच घरातले दोघं. कुणाला कुठली माती मानवेल ते तिथे काही हिवाळे काढल्याशिवाय कळत नाही.

अण्णा बीडला परत गेले. चुलतभावाकडे किल्ली असते, शेजारच्या काकू सकाळी हाक मारतात. अंगणात कॅमेरा लावू का विचारलं, तर नाही म्हणाले. मी रोज संध्याकाळी सातला फोन करतो. तिसऱ्या रिंगपर्यंत उचलला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. ते तिथे एकटे असताना काही झालं तर? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आजच्या श्लोकाने तो मिटवलाही नाही. पण एवढं समजलं, की त्यातलं मरणाचं वाक्य भीती दाखवायला लिहिलेलं नाही. भीती परधर्माला चिकटलेली आहे, असं भगवंत स्पष्ट सांगतात. बाल्कनीत बसलेल्या अण्णांच्या डोळ्यांत मी जे पाहत होतो ते तेच असावं. आता उरलीय ती भीती माझी आहे. ती मी वाहायची, त्यांच्या अंगावर टाकायची नाही.

गेल्या आठवड्यात ट्रॅव्हल्सच्या गाडीने एक खोका आला. आत सीताफळं, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली. फोनवर सूचना : "डोळे उघडलेत, खाचा पिवळसर दिसतात, तेव्हाच देठ ठेवून कात्रीने काढलीत. घाईनं काढलेलं फळ काळं पडतं, गोड होत नाही. अढी घालून ठेव, तीन-चार दिवसांत मऊ होतील. पहिलं विठोबापुढे ठेव."

ठेवलं. मग खाल्लं. आणि मंडळी, बऱ्याच महिन्यांनी मला वाटलं की आपण काहीतरी बरोबर केलं.

आजचा संकल्प : आपण ज्याच्यावर प्रेम करतो अशा एका माणसाला आज विचारूया, 'तुला काय हवंय?' आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी!