हे महिने कोणाचे?

(मामा अकोल्याचे निवृत्त गणित शिक्षक. भाची अमरावतीत रक्तविकारतज्ज्ञ. मामांचे थोरले भाऊ दर्यापूर तालुक्यातले कास्तकार, वय 68. त्यांना तीव्र रक्तकर्करोग निघाला आहे, एएमएल. त्यांना स्वतःला मात्र कोणी सांगितलेलं नाही.)

मामा : दोन इलाज हायेत म्हनतेस. मंग ज्यात जगन्याची शक्यता जास्त, तो सांग. तोच करू.

भाची : इतकं सरळ नाही, मामा. पहिला ‘सात-तीन’. सायटॅराबिन सात दिवस रात्रंदिवस सलाईनमधून, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन. 1970च्या दशकापासून हाच पाया आहे. साठीपुढच्या साधारण निम्म्या पेशंटांचा आजार त्यानं आटोक्यात येतो. पण पांढऱ्या पेशी पार तळाला जातात, महिनाभर दवाखाना सुटत नाही आणि काही जण त्या महिन्यातच जंतुसंसर्गानं जातात. तरले तर पुढच्या फेऱ्या, जमलं तर बोन मॅरो प्रत्यारोपण.

मामा : अन् दुसरा?

भाची : दर महिन्याला सात दिवस अ‍ॅझासिटिडिनचं इंजेक्शन, सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. सुरुवात दवाखान्यात, मग बराच काळ घरी राहता येतं. उपयोग होतोय तोवर थांबायचं मात्र नाही. 431 पेशंटांवरचा अभ्यास 2020 साली छापून आला. नुसत्या अ‍ॅझासिटिडिनवर आयुष्याचा मध्यक 9.6 महिने, गोळी जोडल्यावर 14.7.

मामा : म्हनजे दादाले पंधरा महिने.

भाची : मध्यक तुम्हीच पोरांना शिकवलात. निम्मे त्याच्या आत गेले, निम्मे त्यापुढे जगले. आणि ते पेशंट पंच्याहत्तरीचे किंवा त्यापुढचे होते, नाहीतर जोरदार केमो न झेपणारे. थोरल्या मामांचं हृदय, किडनी ठणठणीत आहे. त्यात ती तुलना सात-तीनशी नव्हतीच. तो आकडा इकडे आणून ठेवला तर हिशेबच चुकेल.

मामा : पक्का इलाज कोनताच नाही काय, बाई?

भाची : याच आजाराचा एपीएल नावाचा प्रकार असता तर होता. अ जीवनसत्त्वापासून केलेली गोळी आणि सोमल. हो, तोच विषारी सोमल! कमी-मध्यम जोखमीच्या पेशंटांना नेहमीच्या केमोशिवाय बरं करता येतं, हे 2013च्या अभ्यासात दिसलं. तसं असतं तर मी इतकी चर्चाच केली नसती. इथे दोन्हीकडे काही मिळतं, काही जातं.

मामा : मंग सात-तीन. मोठी आशा त्यातच हाय.

भाची : गुणसूत्रांचा रिपोर्ट बरा आला तर माझाही कल तिकडेच राहील. त्यात प्लेटलेट सतत लागतील. त्या पाच दिवसच टिकतात, म्हणून रक्तदाते हाताशी हवेत. नागपूर की मुंबई, तेही बघू.

मामा : ठरलं तं मंग. दादाले सांगतो, रक्त कमी झालं, भरती व्हा लागते.

भाची : ठरवलं कोणी?

मामा : मी. लहान भाऊ हाय त्याचा. आमच्या बाबाले कॅन्सर सांगतला, त्या दिवसापासून त्यायनं जेवन सोडलं. म्या डोयानं पाह्यलं. नाव आयकूनच मानूस खचते, बाई.

भाची : ते दुःख मी खोटं म्हणत नाही. पण हे लपणार कसं? शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पेशंटांनी भरलेली असते. तिथे उतरलात तर शेजारचाच विचारेल, तुम्हाला कुठला कॅन्सर? आजाराचं नाव त्यांनी परक्याकडून ऐकायचं?

मामा : पन भलं पाहूनच तं करून राह्यलो ना मी!

भाची : भलं म्हणजे काय, हेच तर त्यांना विचारायचंय. पुढची वर्षं मिळावीत म्हणून हातचे महिने पणाला लावायचे की नाही? ते म्हणतील, मरणाची जोखीम घेतो, पण नातीचं लग्न बघायचंय. किंवा म्हणतील, मला वावरापासून लांब नेऊ नका. दोन्ही उत्तरं शहाण्या माणसाची आहेत. औषधांची तुलना मी करते. पण दवाखान्यातला एक महिना आणि घरचा एक महिना यांची तुलना त्यांच्याशिवाय कोण करणार? तुम्ही केलीत तर तीत तुमची भीती उतरेल. दादा जाईल, ही.

मामा : (थांबून) अन् तो म्हनला, तूच ठरव, तं?

भाची : तर तुम्ही ठरवा. तोही त्यांचाच निर्णय. पण अधिकार त्यांनी द्यावा लागतो, मामा. त्यांच्या नकळत तो घेता येत नाही.

मामा : सांगाले माही जीभ नाही रेटत, माय.

भाची : मी सांगते. किती ऐकायचं तेही त्यांनाच विचारते. महिन्यांचे आकडे नको म्हणाले तर तोंडातून काढणार नाही. या आजारात वाट बघायला आठवडे नसतात. उद्या सकाळी त्यांना घेऊन या आणि तुम्ही शेजारी बसा.