शरीरधर्म आणि मुलाची नावड

शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे वचन लोळत पडलेल्या मुलाला व्यायामासाठी उठवताना हमखास ऐकवले जाते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त, पाचव्या सर्गात, त्याचा रोख नेमका उलटा आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव घोर तप करणाऱ्या पार्वतीची विचारपूस करतो. तप झेपेल इतकेच चालले आहे ना, असे विचारताना तो हे बोलतो. म्हणजे वचन आळसावर नाही, अतिरेकावर आहे. आणि त्यात दटावणी नाही, आस्था आहे.

शरीर राखणे हे कर्तव्य मानले, तरी कर्तव्याची जाण न आलेल्या मुलाकडून ते कसे करवून घ्यावे? सक्तीची बाजू अगदीच लंगडी नाही. सद्गुण उपदेशाने नव्हे, सवयीने अंगी बाणतात, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार आणले, तेही याच भरवशावर. पण ‘पॉलिटिक्स’मध्ये तोच ॲरिस्टॉटल मुलांना कष्टाने रानटी करणाऱ्या स्पार्टावर टीका करतो. वयात येईपर्यंत व्यायाम हलकाच असावा, असे तो सांगतो आणि दाखला देतो ऑलिंपिकचा: लहानपणी जिंकून मोठेपणीही जिंकलेले खेळाडू दोन-तीनच सापडतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सल्ला अधिक उपयोगी आहे. जाणत्याने अजाणांचा गोंधळ उडवू नये. स्वतः नीट कर्म करत त्यांनाही त्याची गोडी लावावी. श्लोक व्यायामाबद्दल नाही, हे खरे. तरी सोफ्यावर बसून मुलाला मैदानावर पिटाळणाऱ्या पालकाची अडचण त्यात बरोबर पकडली आहे.

तालमीत ही गोडी न बोलता लागते. नवखा पोर आधी कडेला बसून बघतो. मग त्याच्या हाती फावडे येते, तेल-ताक-हळद मुरलेली लाल माती तो उकरतो, चिमूटभर कपाळाला लावतो. जोर-बैठकांची पाळी येईपर्यंत आखाडा त्याचा झालेला असतो. शाळेत याच्या उलट घडते. गृहपाठ राहिला की उठाबशा, उशीर झाला की मैदानाला फेऱ्या. व्यायाम हाच दंड ठरल्यावर तो मुलाला आवडावा कसा?

राहिला प्रमाणाचा प्रश्न. ५ ते १७ वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. बसून राहणाऱ्या मुलाला हा आकडा पहिल्याच दिवशी गाठायला लावणे म्हणजे शिवाने पार्वतीला विचारलेला प्रश्न विसरणे. काही मुले आळशी नसतातच. एखाद्याला रक्तक्षय असतो, एखाद्याला दमा, तर एखादी मुलगी ‘ढोली’ म्हणून चिडवतात म्हणून खेळायला जात नाही. अशांच्या बाबतीत आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते किंवा चिडवणाऱ्यांना आवरावे लागते. दोरीवरच्या उड्या त्यानंतर.