एलिझाबेथचे घर



सुट्टीच्या दिवसांत आपली मुले टीव्हीवर नार्नियाचा चित्रपट मोठ्या आवडीने पाहतात. त्याची मूळ गोष्ट सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने १९५० साली प्रसिद्ध केली. युद्धाच्या काळात लंडनवर बॉम्ब पडत असतात, म्हणून चार भावंडांना खेड्यातल्या एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरी पाठवले जाते. सर्वांत धाकटी ल्यूसी एके दिवशी तिथल्या कपाटात शिरते आणि बर्फाने झाकलेल्या एका निराळ्याच राज्यात पोहोचते. परत येऊन ती हे सांगते, पण कोणाचाच विश्वास बसत नाही. कपाट उघडून पाहावे तर मागे साधी लाकडी फळी!

‘मी गंमत केली’ एवढे म्हटले असते तर सगळे मिटले असते. पण ल्यूसीला ते म्हणवत नाही, कारण ते खरे नसते. पुढे तिचा भाऊ एडमंड स्वतः ते राज्य पाहून येतो आणि इतरांसमोर मात्र ‘आम्ही नुसते खेळत होतो’ असे सांगतो. प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्रानेही असेच नाकारले होते. शेवटी मोठी भावंडे तक्रार घेऊन प्राध्यापकांकडे जातात. ते एवढेच विचारतात : तुमच्या अनुभवानुसार दोघांत खरे कोण बोलते? उत्तर येते, ल्यूसी. मग तिच्यावर विश्वास का ठेवत नाही?

ही झाली कल्पनेतली मुलगी. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली खरी मुलगी पाहू. खो-खोपटू सारिका काळे हिने जवळजवळ दहा वर्षे दिवसाला एकाच वेळच्या जेवणावर काढली, असे तिने स्वतः सांगितले आहे. आई शिवणकाम करी; घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाले. २०१६ साली, घरच्या अडचणींनी खचून, तिने खेळ सोडायचे ठरवले आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत काढली आणि सारिका पुन्हा मैदानावर आली. त्याच २०१६ या वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. कष्ट तिचेच, पण खोलीचे दार बंद झाले तेव्हा बाहेर दोन मोठी माणसे तिच्यासाठी उभी होती.

आता लूकच्या शुभवर्तमानाकडे वळू या. नाझरेथची कोवळ्या वयाची मरिया देवाला होकार देते. पण हे सांगायचे कोणाला? योसेफासारखा नीतिमान माणूसही तिला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात होता. मरिया घाईने डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे जाते. तिने काही सांगायच्या आतच ती वयस्कर बाई तिला ओळखते, धन्य म्हणते. आणि मगच मरियेच्या तोंडून ते स्तुतिगीत बाहेर पडते. बंधू-भगिनींनो, हा क्रम आपण नीट पाहावा. होकार नाझरेथला दिला गेला, गीत मात्र एलिझाबेथच्या घरी उमटले. विश्वास ठेवणारे एक माणूस भेटले, तेव्हा उमटले.

आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या काळजीने अठरा पूर्ण होण्याआधीच तिचे लग्न उरकले जाते. ‘मला शिकायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलीला आपण काय उत्तर देतो? ‘आईबाप सांगतात ते ऐक’ असे सांगून आम्हीही अशा मुलींना परत पाठवले आहे. त्या क्षणी आम्ही आज्ञाधारकपणा शिकवत नव्हतो. देवाने तिच्या मनात जे पेरले ते नाकारायला शिकवत होतो. याची आम्हाला लाज वाटते.

‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ असा उपदेश मुलांना करणे सोपे आहे. पण एकटे पडून खरे बोलत राहणे मोठ्यांनाही जमत नाही. पेत्रालाही जमले नाही. मग ते ओझे लहान खांद्यावर एकटेच का टाकावे? वडील मुकादमाची उचल घेऊन बसले असतील, तर त्या मुलीला ठेवून घेणारे एखादे घर, वसतिगृहाचा अर्ज भरून देणारा एखादा हात आपल्यातूनच पुढे यायला हवा.

या आठवड्यात आपल्या घरातल्या, गल्लीतल्या एका मुलीचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकू या. आणि ती खरे बोलते आहे असे धरून चालू या.

हे मरिये माते, तुझ्यासाठी जसे एलिझाबेथचे दार उघडे होते, तसे आमचे दार आमच्या लेकींसाठी उघडे राहो. आमेन.