आवाज कवा येतो?

आबांनी जीप घेतली तेव्हाच ती जुनी होती. पण अकोले तालुक्यातल्या आमच्या गावाला पावसाळ्यात दुसरी गाडी चढतच नसे. विलिस जीप मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी ती मुंबईत जुळवायला घेतली, आणि जुनी होत होत ती खेड्यापाड्यांत पोचली. पुढे मी नोकरीसाठी मुलुंडला आलो. आबांना चालवणं झेपेना, तेव्हा जीपही माझ्यामागोमाग चाळीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

आबा चौथी शिकलेले, पण गाडीचं दुखणं ऐकून सांगायचे. कुणी म्हणालं, गाडी आवाज करते, की त्यांचं ठरलेलं असे, "कसला ते ऱ्हाऊ दे. कवा येतो ते सांग." गाडी उभी असतानाही येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्स बघायचा. गिअर टाकताना किंवा पाय सोडून पुन्हा दाबताना 'टक्' होतं, तर शाफ्टचा क्रॉस. वळणावर घरघर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. पाय दाबल्यावर किंवा सोडल्यावर हुंकार बदलतो, तर डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन. फोर-व्हील गाडीत हे सगळं पुढे आणि मागे असं दोनदा, म्हणून चकवाही दुप्पट.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मी जीप घेऊन कुर्ल्याला एलबीएस मार्गावर अडकलो. पाणी सीटला लागलं तेव्हा गाडी तिथेच सोडली आणि रात्रभर चालत मुलुंड गाठलं. तिसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. इंजिनचं तेल बदललं, प्लग सुकवले, गाडी चालू झाली. मला तेवढं पुरे झालं. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्येही पाणी शिरतं, ते तेल लगेच बदलावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण आज करू, उद्या करू असं म्हणत दिवाळी आली. नट सोडला तर तेल दुधाळ झालेलं, आणि बोटांत चोळलं तर चांदीसारखी कचकच. मी नवं तेल भरलं, गप्प बसलो.

होळीच्या सुमाराला आवाज सुरू झाला. ताशी पन्नासच्या वर पाय सोडला की मागून हूंऽऽ. मी स्वतःला म्हणालो, क्रॉस गेला असेल. का? कारण क्रॉस स्वस्त असतो. नवा क्रॉस टाकला, आवाज तसाच. मग पुढच्या चाकांचे हब मोकळे करून पाहिले, म्हणजे पुढचं सगळं फिरायचं थांबतं. तरी आवाज तसाच. दुखणं मागेच होतं, आणि कुठे होतं तेही मला कळलं होतं. सगळा रविवार मी दुसरंच काही सापडावं म्हणून गाडीखाली पडून होतो. ऐकणं आणि आपल्याला हवं ते ऐकणं, यातला फरक मला तेव्हा कळला.

शेवटी गाडी विकायची ठरली. मुरबाडच्या पुढचा एक पोरगा आला. दुधाचे कॅन, कधी बाजारकरू, अडीनडीला एखादी बाळंतीण दवाखान्यात, एवढ्यासाठी त्याला गाडी हवी होती. त्याने एलबीएस मार्गावर चक्कर मारली. त्या गर्दीत वीसच्या वर काटा जातो कुठे? मुलुंडमध्ये गाडीत काहीच दोष नव्हता. "काका, झकास आहे," म्हणाला आणि पाच हजार इसार हातावर ठेवून गेला.

आबा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "त्याला पिनियनचं सांगितलं का?"

"त्याने विचारलं नाही."

"त्याला आवाज आला का, विचारायला?"

मी बैलबाजाराची गोष्ट काढली. तिथे कोण आपल्या बैलाची खोड सांगतं? घेणाऱ्याने बघून घ्यावं. आबा म्हणाले, "बैलाचे दात बघता येत्यात, चालवून बघता येतंय. दोघांम्होरं बैल एकच असतो. हितं तुझ्याम्होरं एक गाडी हाये अन् त्याच्याम्होरं दुसरीच."

त्या रात्री मला झोप लागली नाही. न विचारलेलं सांगायचं नाही, हे खोटं बोलणं का? समोरच्याला शोधून काढता येत असेल, तर कदाचित नाही. पण आवाज कुठे येत नाही हे मला माहीत, आणि तो नेमका तिथेच गाडी बघणार, हेही माहीत. मग माझं गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत काय अंतर उरलं? तो आवाज त्याला पहिल्यांदा ऐकू येणार होता माळशेज घाटाच्या वाटेवर, मागे माणसं बसलेली असताना.

मी त्याला फोन करून बोलावलं. रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्ग मोकळा असताना ठाण्याच्या दिशेने नेलं, साठला पाय सोडला. हूंऽऽ. त्याचा चेहरा उतरला. कारण सांगितलं, पुराचंही सांगितलं, माझ्या आळसाचंही. त्याने इसार परत घेतला, नमस्कार केला, गेला. पुन्हा आला नाही. पुढे पिनियन आणि बेअरिंगं बदलायला बराच खर्च आला, आणि तेवढ्यात घरातली दोन कामं राहून गेली. बायको काही दिवस बोलायची, ते चुकीचं नव्हतं.

लोक मला म्हणतात, तुम्ही चांगलं केलंत. मला तसं सहज म्हणवत नाही. आबा त्या आठवड्यात गावी असते, तर मी फोन केला असता का? आबांचीच रीत स्वतःला लावून बघितली, तर माझा चांगुलपणा 'कवा येतो'? कुणी विचारल्यावर येतो. म्हणजे तोही तपासायलाच हवा. आबा आता नाहीत. गाडी अजून अंगणात आहे, आवाज करत नाही.