शब्द दिला आणि भाव पडला

आजचे वाचन : स्तोत्रसंहिता, स्तोत्र १५
मननासाठी : वचन ४, शेवटचा भाग



स्तोत्र १४ वरचं मनन लिहून बारा दिवस झाले. मध्ये काहीच का आलं नाही, असं काही जणांनी फोन करून विचारलं. तब्येत बरी आहे. खरं कारण असं की स्तोत्र १५ मला पुढे जाऊ देत नव्हतं.

स्तोत्र लहान आहे, अवघी पाच वचने. सुरुवातीलाच दावीद देवाला विचारतो की, तुझ्या मंडपात कोणाला राहता येईल, तुझ्या पवित्र डोंगरावर कोणाला वस्ती करता येईल? आपल्याला वाटतं, आता उत्तरात यज्ञ येतील, उपास येतील, दशमांश येईल. त्यातलं एकही येत नाही. सरळ चालणं, मनापासून खरं बोलणं, कोणाची चहाडी न करणं, शेजाऱ्याचं वाईट न करणं, व्याजाने कोणाला न पिळणं, लाच न घेणं. सगळं घरातलं, दुकानातलं, रस्त्यावरचं. यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथात रब्बी सिमलाई यांची एक शिकवण आहे : मोशेला ६१३ आज्ञा दिल्या गेल्या, आणि दावीदाने या स्तोत्रात त्या ११ वर आणल्या. त्या अकरांपैकी एकीवर मी अडकलो. शब्द दिल्यावर पुढे आपलंच नुकसान दिसू लागलं, तरी जो शब्द फिरवत नाही, असा माणूस.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, मी वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. मार्केटमध्ये कागद नंतर होतो, आधी शब्द होतो. आंब्याच्या हंगामात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची फळ बाजारातली जुनी रीत तुम्ही ऐकली असेल. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही, पण त्या दोन हातांत व्यवहार पक्का होतो. शब्द फिरला तर मग इथे उरतं काय?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जुन्नर तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. आमच्या गाळ्याला बरीच वर्षं माल पाठवणारे. म्हणाले, "गावातला व्यापारी बांधावर वीस रुपये द्यायला तयार आहे. काय करू, भरू का गाडी?" मी म्हणालो, "काका, बावीस धरा. माझा शब्द."

खरं तर भाव बांधून द्यायचा मला काही अधिकार नव्हता. पण गाळ्यावर माल यावा, मालक खूश व्हावेत, असं मनात होतं.

रात्री माळशेज घाट उतरून त्यांच्या ६० गोण्या आल्या. पण त्या रात्री सगळीकडूनच गाड्या आल्या होत्या. आवक वाढली आणि सकाळी भाव अठरावर आला. मालक म्हणाले, "आजचा बाजार आहे तो लिही." त्यांचं काही चुकलं नाही, शब्द त्यांनी दिलाच नव्हता. मी अठराने पट्टी केली. काकांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "काका, माल जरा हलका निघाला. मोड होती थोडी."

माल एक नंबर होता. मी स्वतः गोणीत हात घालून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर निघण्याआधी नेहमीप्रमाणे वाचनाला बसलो, तर क्रमाने समोर आलं स्तोत्र १५. पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज वेगळं काही वाचू, आणि स्तोत्र ६२ उघडलं. तिथे नववं वचन भेटलं. माणसं तराजूत घातली तर लहान असो की मोठा, पारडं वरच जातं, सगळे मिळून श्वासाहूनही हलके. प्रियांनो, मी रोज काट्यासमोर बसणारा माणूस. दुसऱ्याचा माल हलका म्हणून सांगितला, आणि देवाने दाखवलं की हलका कोण आहे.

हिशेब सोपा होता. ६० गोण्या, तीन हजार किलो, किलोमागे चार रुपये. बारा हजार. ते घरात होते, पण मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले. तीन दिवस मी देवाशी वाद घातला. भाव पाडला तो मी नाही, अधिकार नव्हता म्हणजे शब्दही खरा नव्हता, सगळं मार्केट असंच चालतं. शेवटी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शब्द तुम्ही एकट्यांनी दिलात, फेडायचा दोघांनी. फीचं आपण बघू."

काकांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या हो. मार्केटला असंच असतंय. पण मोड होती म्हणालात ना, ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. एकेक कांदा आम्ही दोघा नवरा-बायकोनं हातानं निवडला होता."

चार रुपयांपेक्षा मला हे जास्त लागलं. नुकसान त्यांनी सोसलं असतं. पण त्या दोघांच्या हातच्या कामाला मी खोटं नाव ठेवलं होतं. म्हणूनच दावीद आधी मनातलं खरं बोलायला सांगतो आणि मग शब्द पाळायला. मनात खोट आली की शब्द मोडायला कारण आपोआप सापडतं.

पैसे पाठवले. त्यानंतर त्यांनी पुन्हा माल पाठवला का? अजून तरी नाही. फीचा दुसरा हप्ता कसा भरायचा, तेही ठरलेलं नाही. देवाचं ऐकलं आणि लगेच दुप्पट मिळालं, अशी साक्ष आज माझ्याकडे नाही. आणि हे स्तोत्रही तसं काही सांगत नाही. नुकसान चौथ्या वचनात आहेच. पाचव्या वचनात एवढंच वचन दिलंय की असा माणूस ढळणार नाही. भाव ढळेल, माणूस ढळणार नाही.

आता कोणी म्हणेल, मग मंडपात जाणार कोण? या अकरांत मी तर नापासच झालो. खरंय. म्हणून मी जक्कयाकडे पाहतो. त्याने लोकांचे पैसे परत केले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू आधी त्याच्याकडे उतरायला आला, मग जक्कयाचा हात सैल झाला. ज्याने आपला शब्द स्वतःच्या प्राणाचं नुकसान सोसून पाळला, तोच आपल्याला आत नेतो. आत गेलेल्या माणसाने मग बाहेरचे हिशेब नीट करायचे असतात.

तुमचा कदाचित मार्केटशी संबंध नसेल. पण "रविवारी नक्की येतो" असं एखाद्या आजारी माणसाला सांगितलं असेल. भावाला वाटणीत काही कबूल केलं असेल. लेकराला काही आणीन म्हणाला असाल. ज्याच्यापुढे शब्द मोडला, त्याला बहुतेक ते कळलेलं असतं. तो फक्त बोलत नाही. आज एक फोन करा.

प्रार्थना : हे परमेश्वरा, तू मनातलं पाहतोस, रुमालाखालचंही पाहतोस. जिथे मी शब्द मोडला आणि वर खोटी कारणं दिली, तिथे मला क्षमा कर. फेडायची ताकद दे, आणि फेडताना कुरकुर न करणारं मन दे. ज्या हातांनी प्रामाणिकपणे निवडलं, पिकवलं, वाहिलं, त्यांचा मान माझ्या जिभेने राखू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.