मागची दाढ

कन्हानच्या खाणीकडच्या वस्तीत एक आजी राहायची. गल्लीत कुणा लेकराचा दात हलू लागला की बोलावणं तिलाच. दात अलगद काढून पोराच्या हाती द्यायची, कवेलूंवर फेकायला लावायची. दुधाचे दात वीस आणि वीसही पडायचेच, हा तिचा हिशेब पक्का होता.

सात वर्षांचा नातू एकदा रात्रभर गाल धरून रडला. सून म्हणाली, "आई, दवाखान्यात नेते."

"कायले नेतं वं? दुधाचीच दाढ व्हय, पडूनच जाईन."

थोरल्या नातीची किडकी दाढही सहाव्या वर्षी अशीच काढून टाकली होती.

सुनेनं या वेळी मानलं नाही. लेकरं आणि सासू, सगळ्यांना घेऊन तिनं नागपूरच्या मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी आजीलाच आत पाहायला लावलं. "ही दाढ कोणत्या दाताच्या जागी आली?" आजीला आठवेना. आठवणार तरी कसं? सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ कुठलाच दात पाडून येत नाही. वर दोन, खाली दोन, अगदी मागे गुपचूप उगवतात. काही पडलं नाही, म्हणून घराला त्या दुधाच्याच वाटतात. त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत.

आजीनं मुकाट्यानं नातीला पुढं केलं. अकरा वर्षांच्या पोरीचा नवा दात जिभेकडे वाकडा येत होता.

"आजी, तुम्ही काढता त्या दातांना मूळ असतं?"

"नाही. म्हणून तर सहज निघते."

"खालून येणारा दात वर सरकताना ते मूळ विरत जातं. हिची दाढ मुळासकट काढली, पाच वर्षं आधी. मग मागची दाढ पुढं सरकली. एसटीत रुमाल टाकून जागा धरता ना? तसा तो रुमाल होता."

"आन् आमीच उचलला तो," आजी म्हणाली.

नातवाची दाढ वाचली, बऱ्याच चकरा मारून. नातीला तार लावायचं ठरलं.

त्यातल्याच एका चकरेत, परतीच्या बसमध्ये, पुढच्या सीटवर एक पोरगं चॉकलेट चघळत होतं. आजीनं वाकून त्याच्या आईला विचारलं, "किती वर्साचा व्हय? सहाचा? मंग मांगं पाह्य बाई, दाढ आली असन."