कुटुंबवत्सल पुरुषाचे स्मरण

(शास्त्रपाठ : उत्पत्ति १८:१९, १ करिंथ ७:१२–१६, योहान १९:२६, २७)



आपल्या मंडळीतील एखादा गृहस्थ प्रभूमध्ये निजला, म्हणजे त्याला मातीआड करून आपण त्याच्या घरी परततो. अंगणात सतरंजी पसरली जाते, प्रार्थना होते, आणि मग एकेकजण उठून चार शब्द बोलतो. कोणी म्हणतो, हा देवमाणूस होता. कोणी म्हणतो, याने कोणाला दुखवले नाही. बोलणारे सारे ओटीवर बसलेले असतात. परंतु माजघरात भिंतीला टेकून बसलेली एक बाई हे सर्व ऐकत असते. ओटीवर ज्याला देवमाणूस म्हणतात तो चुलीपाशी कसा होता, हे तिलाच ठाऊक असते. आपले बोलणे ऐकून तिच्या मनात साक्ष उमटते काय? की ती पदर डोळ्यांना लावते आणि मनात म्हणते, हे कोणा दुसऱ्याविषयीच बोलत आहेत?

हा प्रश्न लहान नव्हे. ज्या पुरुषाचे आपण स्मरण करतो त्याच्या घरच्या माणसांना ते स्मरण खरे वाटले पाहिजे. तसे नसेल तर आपण मृताचा सन्मान केला नाही, केवळ त्याच्या नावावर फुले टाकली. म्हणून कुटुंबवत्सल पुरुषाचे स्मरण कसे करावे, व असे स्मरण मागे राहावे म्हणून आपण जिवंतपणी कसे वागावे, याचा आज विचार करू.

पहिल्या शास्त्रपाठाकडे पाहा. परमेश्वराने अब्राहामाला का निवडले, याचे कारण तेथे सांगितले आहे. त्याची गुरेढोरे पुष्कळ होती म्हणून नव्हे, किंवा त्याने राजांशी लढाई जिंकली म्हणूनही नव्हे. तर तो आपल्या लेकरांना व घराण्याला देवाच्या मार्गात चालवील म्हणून. म्हणजे देवाने त्याची पारख त्याच्या तंबूच्या आत केली. आणि तरीही शास्त्र त्याचे दोष लपवीत नाही. मिसर देशात भीतीने त्याने आपल्या बायकोला बहीण म्हटले, तेही लिहिले आहे. हागारेला व तिच्या लेकराला त्याने घराबाहेर लावले, तेही लिहिले आहे. पवित्र शास्त्र ज्यांचे स्मरण करते त्यांचे खरे स्मरण करते. त्यांच्या उणिवा पाहून आपण निराश व्हावे असा त्याचा हेतू नाही. अशा माणसांनाही देव वापरतो व बदलतो, हे आपल्याला कळावे म्हणून.

आता आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व १८५४ साली ती कल्याणास पोहोचली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी त्याच कल्याणात एक ब्राह्मणाचा मुलगा प्राथमिक शाळेत जात होता. तो नारायण वामन टिळक. त्याचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आई लहानपणीच गेली. पुढे नाशकास त्याने विद्या मिळवली. हा मुलगाच पुढे आपल्या मंडळ्यांचा प्रिय कवी झाला. आपण रविवारी जी भजने गातो त्यांतील कितीतरी त्याच्या लेखणीतून उतरली आहेत. परंतु आज मला कवीविषयी बोलावयाचे नाही. पती व पिता या नात्याने टिळक कसे होते, हे पाहावयाचे आहे.

ही गोष्ट आपल्याला कळते ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यामुळे. विवाह झाला तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वाचावयास त्या शिकल्या त्या नवऱ्याच्या घरी. त्याच बाईंनी पतीच्या निधनानंतर, मुलाच्या आग्रहावरून, 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक लिहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात त्यांनी आपल्या पतीला देवमाणूस म्हणून उंच आसनावर बसवून ठेवलेले नाही. टिळकांचा राग कसा भडके, न सांगता ते घर सोडून कसे निघून जात, हाती आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वी दुसऱ्याच्या हातात कसा जाई, हे त्यांनी हसत-रडत सांगितले आहे. आणि तरीही ते पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. कारण लिहिणारीचे प्रेम दोष झाकून टिकणारे नव्हते. दोष पाहूनही ते टिकले होते.

बंधूंनो, त्यांच्या चरित्रातून तीन गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट ही की, त्यांनी विश्वासाच्या बाबतीत घरच्या माणसावर सक्ती केली नाही. १८९५ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे नवरा जिवंत असता घर मोडणे. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आसऱ्याने राहिल्या; पंढरपुरासही राहिल्या. ही ताटातूट चार-पाच वर्षे चालली. या दिवसांत दोघांनीही दुःख भोगले; परंतु टिळकांनी नाते तोडले नाही. पुढे त्या अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या, तेव्हाही आरंभी त्या आपला सोवळेपणा पाळीत होत्या. पतीने तो जबरदस्तीने मोडला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतः विचार केला. आणि मनाची गाठ सुटली तेव्हा १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला.

आपल्या खेड्यांत अशी घरे आजही आहेत. मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर एखाद्या घरी नवरा उपासनेला येतो व बायको येत नाही. एखाद्या घरी बायको प्रार्थना करते व नवरा दाराबाहेर बिडी ओढीत बसतो. अशा घरांसाठीच प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिले की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदावयास राजी असेल तर त्याला सोडू नये. कारण त्याचे तारण तुझ्या हातून होईल की नाही, हे तुला काय ठाऊक? पौल येथे धाक घालावयास सांगत नाही. तो नांदावयास सांगतो. ज्याला आपल्या बायकोला देवाकडे आणावयाचे आहे त्याने आधी तिच्याकडे चांगले वागावे. तिच्या माहेरी दुःख असेल तर तिच्याबरोबर जावे. तिचा देव्हारा तिच्या हाताने हलेल. तुझ्या पायाने नव्हे.

दुसरी गोष्ट, टिळकांचे घर मोठे होते. भिंती मोठ्या नव्हत्या, उंबरठा मोठा होता. त्यांनी व लक्ष्मीबाईंनी पोरक्या मुलांना जवळ केले, आजाऱ्यांची सेवा केली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्याला महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, तो या ख्रिस्ती घरात लेकरासारखा राहिला. तो हिंदू होता व हिंदूच राहिला. म्हणून त्याच्या ताटातील घास कमी झाला नाही. १९१८ साली आगगाडीखाली सापडून तो तरुण गेला, तेव्हा या घराने पुत्रशोकच केला. कुटुंबवत्सल पुरुष तोच, ज्याच्या घरात आपल्या रक्ताच्या नसलेल्यालाही आपण परके आहोत असे वाटत नाही.

परंतु येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. दुसऱ्यासाठी हात मोकळा ठेवताना घरच्या चुलीकडे दुर्लक्ष झाले, तर त्याचा भार बायकोवर पडतो. टिळकांच्या औदार्याचा हिशेब पुष्कळदा लक्ष्मीबाईंना भरावा लागला, आणि त्यांनी तो स्पष्टपणे लिहून ठेवला. हे विशेषतः आपल्या उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. पाच गावांत जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांना दहा आज्ञा येत नसतील तर काय उपयोग? एली याजक मंदिरात सेवा करीत राहिला व त्याचे मुलगे बिघडले. परमेश्वराने त्याच्या सेवेकडे पाहून त्याच्या घराकडे डोळेझाक केली नाही.

शहराकडे राहणाऱ्यांचीही हीच गोष्ट आहे. डोंबिवली-कल्याणचे आपले कितीतरी बंधू पहाटे अंधारात लोकल पकडतात व रात्री लेकरे निजल्यावर घरी येतात. ते घरासाठीच राबतात, यात संशय नाही. परमेश्वर त्यांच्या घामाचा हिशेब ठेवील. तथापि मुलाला बापाचा पगार कळत नाही, बापाचा आवाज कळतो. आठवड्यातून एक दिवस तरी त्या लेकराला मांडीवर घेऊन प्रार्थना करा. पुढे तुमचे स्मरण होईल ते त्या मांडीवरून होईल.

तिसरी गोष्ट रागाची. टिळकांचा राग येई तसा जाई; तथापि राग गेला म्हणजे त्याची जखमही गेली असे नव्हे. आपल्यांतील काहीजण म्हणतात, मी तापट आहे पण मनाचा निर्मळ आहे. बंधूंनो, मन निर्मळ असेल तर ते हाताला आवरील. बायकोवर हात उगारणारा पुरुष कितीही सुरेल भजन गात असला, तरी त्या भजनाचा सूर देवापर्यंत चढेल असे समजू नका. दारूचे तर नाव घेण्याचेही कारण पडू नये. ज्या घरात संध्याकाळी बापाच्या पावलांचा आवाज आला की मुले कोपऱ्यात दडतात, त्या घरात बाप मेल्यावर आपण देवमाणूस हा शब्द उच्चारू नये. त्याचे मढे उचलावे, त्याच्या घरच्यांना आधार द्यावा, आणि त्याचा न्याय देवावर सोपवावा. खोटी स्तुती करून त्या विधवेच्या दुःखावर पुन्हा घाव घालू नये.

मग टिळकांचे दोष असून त्यांचे स्मरण इतके गोड का? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे आहे. ते बदलत राहिले, आणि त्यांनी आपल्या पत्नीला आपल्या बरोबरीने वाढू दिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला व साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचे काम आरंभले. आपल्या देशात संन्यास म्हणजे बायकोमुलांचा त्याग अशी समजूत आहे. परंतु या संन्याशाच्या घरी लक्ष्मीबाई होत्याच. त्यांनी पगार सोडला, पत्नी सोडली नाही. १९१९ च्या ९ मे रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. प्रभूच्या चरित्राचे 'ख्रिस्तायन' हे काव्य ते अपुरे टाकून गेले होते. ज्या बाईला त्यांच्या घरी अक्षरओळख झाली होती, तिनेच ते काव्य पुढे नेऊन पुरे केले; आणि १९३६ साली तीही आपल्या विसाव्यास गेली. पतीचे याहून मोठे स्मारक कोणते? दगडावर नाव कोरणे सोपे आहे. आपले अपुरे काम प्रेमाने हाती घेणारे माणूस घरात मागे राहणे, हे त्याहून फार मोठे आहे.

ठाण्यातील सेंट जेम्स मंदिराची प्रतिष्ठा बिशप हेबर यांनी १८२५ साली केली. दोनशे वर्षांत अशा मंदिरांतून किती गृहस्थांची लग्ने लागली, किती बापांनी आपली लेकरे बाप्तिस्म्यासाठी हातांवर घेतली! त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. तरी त्यांच्या नातवंडांच्या ओठांवर जी प्रार्थना आहे, ती त्यांनीच शिकवली. देवाच्या दृष्टीने ते विस्मृत नाहीत.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू. तो वधस्तंभावर होता. साऱ्या जगाच्या पापाचा भार त्याच्यावर होता. अशा वेळी आपल्या आईचे काय होईल, हा विचार त्याने बाजूला सारला नाही. जवळ उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती त्याने तिला सोपवले, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. जगाचे तारण करणाऱ्याला घरची चिंता क्षुल्लक वाटली नाही, मग आपल्याला ती क्षुल्लक का वाटावी?

म्हणून बंधूंनो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. ज्यांचा बाप किंवा पती नुकताच गेला आहे त्यांच्या घरी जा, आणि ओटीवर भाषण करण्याऐवजी माजघरातल्या बाईला विचारा की, धान्य आहे काय, मुलांची फी भरली काय, आणि तुझ्या माणसाची तुला कोणती आठवण येते. तिला बोलू द्या. ती हसली तर हसा, रडली तर रडा, आणि तिने त्याचा एखादा दोष सांगितला तर तिला गप्प करू नका. दुसरे काम आपल्या स्वतःच्या घरी आहे. ज्या शब्दाने कालचे जेवण कडू झाले, त्या शब्दाची क्षमा आज दिवा लावण्यापूर्वी मागा.

आपले स्मरण कसे व्हावे हे आपल्या हाती नाही. परंतु आजची संध्याकाळ देवाने आपल्या हाती दिली आहे. ज्या पित्यापासून प्रत्येक घराण्याला नाव मिळते तो आपली घरे प्रीतीने भरो, शोक करणाऱ्यांचे सांत्वन करो, आणि आपल्याला असे जगावयास शिकवो की, आपल्यामागे आपल्या माणसांना आपल्याविषयी खरे बोलताना भय वाटू नये. आमेन.